भोवरा : दोष की नियम?

उजनीच्या जलाशयाकाठच्या गावांतून आमच्या वर्गात येणाऱ्या मुलींपैकी एकीने एके दिवशी विज्ञानाचा तास संपल्यावर आम्हांस एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "गुरुजी, माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. आजी म्हणते, दोन भोवरे म्हणजे दोन लग्ने. हे खरे का?" वर्गातील काही मुले हसली. ती मात्र हसली नाही. पुढे स्थळे पाहू लागतील तेव्हा हे कोणास सांगावयाचे नाही, अशी ताकीद तिला घरातून आधीच मिळालेली होती. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाने सांगितले की, वडिलांनी बाजारात एक खिलारी खोंड पसंत केला होता. चाल, दात, खूर, वशिंड सर्व उत्तम. परंतु पाठीवर नको त्या जागी भोवरा निघाला, म्हणून सौदा मोडला.

एका मुलीच्या मनास घोर लागला आणि एका निरपराध जनावरास बट्टा लागला, आणि दोन्हींचे कारण एकच, भोवरा! अशा वेळी "हे सारे खोटे आहे" एवढेच म्हणून शिक्षकाचे काम भागत नाही. भोवरा का पडतो, तो टाळता येईल काय, आणि दोन का पडतात, हे जो सांगेल त्याच्याच बोलण्यास घरी मान मिळेल. म्हणून आम्ही या लेखात थोडा लांबचा रस्ता धरणार आहोत. तो रस्ता गाजरापासून निघतो आणि उजनीच्या पाण्यावरून पुन्हा त्या मुलीच्या डोक्यापर्यंत येतो.

१८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनित्सर नावाचे एक ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळविलेल्या एका पदार्थाची परीक्षा करीत होते. हा पदार्थ तापविला असता १४५.५ अंश सेंटिग्रेडला वितळला, परंतु त्याचा रस गढूळ दिसे. आणखी तापवीत गेल्यावर १७८.५ अंशांस तो एकाएकी स्वच्छ झाला. एकाच पदार्थास वितळण्याचे दोन अंश कसे असतील? त्यांनी तो पदार्थ जर्मन पदार्थविज्ञानवेत्ते ओटो लेमान यांजकडे धाडला. लेमान यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि ठरविले की, हा पाण्यासारखा वाहतोही आणि स्फटिकासारखा प्रकाशावर परिणामही करतो. १८८९ साली त्यांनी या नव्या अवस्थेचे वर्णन 'वाहणारे स्फटिक' असे केले. आज आपण त्यांस द्रव-स्फटिक म्हणतो. गणकयंत्राच्या आणि घड्याळाच्या काचेवर जे काळे आकडे उमटतात, ते या द्रव-स्फटिकांचेच काम होय.

या द्रवात असते तरी काय? त्याचे रेणू लांबट, काडीसारखे असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील दोन-तीन भागांएवढी त्यांची लांबी. साध्या पाण्यात रेणू कसेही पडलेले असतात. द्रव-स्फटिकात ते जागा बदलीत हिंडतात, पण हिंडताना शेजाऱ्याशी समांतर राहतात. गाडीत भरलेला ऊस डोळ्यांपुढे आणा. मोळ्या पुढे-मागे सरकल्या तरी कांड्या एकाच दिशेने पडलेल्या असतात. आणि कांडीचा शेंडा पुढे आहे की बुडखा पुढे आहे, याने रांग बिघडत नाही. हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा. पुढे त्याचे मोठे काम आहे.

रेणू काडीसारखेच असले पाहिजेत असे पुष्कळ वर्षे मानले जात असे. १९७७ साली बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, चपट्या, चकतीसारख्या रेणूंचेही द्रव-स्फटिक होतात. हे रेणू भाकऱ्यांच्या चवडीप्रमाणे एकावर एक बसतात. हे चंद्रशेखर म्हणजे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे भाचे. ताऱ्यांचा अभ्यास करणारे नोबेल पारितोषिकाचे मानकरी चंद्रशेखर ते निराळे.

आता आपल्या विषयाचा गाभा. सूक्ष्मदर्शकाखाली द्रव-स्फटिकाचा पातळ थर पाहिला असता त्यात काही ठिकाणी बारीक दोरे तरंगताना दिसतात. १९२२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज फ्रीडेल यांनी या दोऱ्यांवरूनच त्या प्रकारास 'नेमॅटिक' असे नाव दिले, कारण ग्रीक भाषेत 'नेमा' म्हणजे धागा. सोलापुरी चादरीच्या मुलखातील मुलांस हे नाव विसरण्याचे कारण नाही. परंतु हे दोरे म्हणजे द्रवात पडलेला कचरा नव्हे. ज्या रेषेवर रेणूंस कोणत्या दिशेने उभे राहावे हे ठरवताच येत नाही, तीच रेषा आपल्याला दोऱ्यासारखी दिसते. तिच्या भोवतालचे सर्व रेणू शिस्तीत असतात. ती रेषा मात्र बेशिस्त. यास शास्त्रज्ञ दिशेचा दोष म्हणतात. १९५८ साली इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स फ्रँक यांनी या दोषांचा व्यवस्थित सिद्धान्त मांडला.

दोष मोजण्याची रीत शेतातच शिकता येईल. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले म्हणजे काठची मंडळी उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत गाळपेर करतात. अशा एका रानात नांगराची तासे पडली आहेत असे समजू. तासाला डोके नसते आणि शेपूटही नसते; ते इकडून तिकडे गेले काय किंवा तिकडून इकडे आले काय, सारखेच. आता हातात एक काठी आडवी धरा, ती पायांखालच्या तासाशी नेहमी समांतर ठेवा आणि एखाद्या जागेभोवती एक पूर्ण फेरी घाला.

साध्या सरळ तासांत फेरी घातली तर काठी फिरणारच नाही, दोष शून्य. मध्ये विहीर असून तासे तिच्याभोवती गोल गेली असतील, तर तुमच्या फेरीबरोबर काठीचीही एक पूर्ण फेरी होईल. हा अधिक एक. रानात शिरलेल्या एखाद्या लांब बांधाच्या टोकाशी तासे वळसा घेऊन परत फिरली असतील, तर त्या टोकाभोवती फिरताना काठी अर्धीच फेरी करील. काठीस डोके असते तर ती मूळ जागी उलटी आली असती आणि हिशेब चुकला असता. पण डोके नसल्यामुळे अर्धी फेरीही चालते. हा अधिक अर्धा. आणि तीन बाजूंनी आलेली तासे जेथे एकमेकांस भिडून आपापल्या कोनात वाकतात, तेथे तिकटीसारखा आकार होतो. त्या तिकटीभोवती उजवीकडून फिरू लागलात तर काठी डावीकडे अर्धी फेरी करील. हा उणा अर्धा.

नेमॅटिक द्रवात नेमके हेच दोष आढळतात. प्रकाशाची कंपने एकाच पातळीत ठेवणाऱ्या दोन चकत्या आडव्या-उभ्या धरून त्यांतून पाहिले असता, अर्ध्या दोषातून दोन काळे पट्टे निघालेले दिसतात आणि पूर्ण दोषातून चार. त्या दोन्ही चकत्या मिळून फिरविल्या तर अधिक दोषाचे पट्टे त्याच दिशेने फिरतात, उण्या दोषाचे उलट दिशेने. अशा रीतीने डोळ्यांनीच हिशेब करता येतो.

मग दोष पुसून का टाकता येत नाही? कारण त्याची साक्ष दूरवर उमटलेली असते. विहीर बुजवली तरी चार शेते पलीकडून फेरी घालणाऱ्याच्या हातातील काठी पूर्ण फिरतेच, आणि तीवरून आत कोठे तरी दोष आहे हे त्यास कळते. जवळपासची तासे हवी तितकी वाकवा. दोष सरकेल, पण नाहीसा होणार नाही. तो नाहीसा होण्याचा मार्ग एकच. अधिक दोष आणि तेवढाच उणा दोष एकमेकांजवळ आले म्हणजे ते मिळून शून्य होतात. वाण्याच्या वहीतील जमा आणि नावे यांसारखाच हा प्रकार. नुसती जमा कोणी खोडू शकत नाही. तितकीच नावेची रक्कम समोर आली म्हणजे खाते मिटते. द्रव-स्फटिकात विरुद्ध दोष परस्परांस ओढून घेतात आणि भेटताच लुप्त होतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसते.

येथपर्यंत आपण डोके नसलेल्या रेषा पाहिल्या. केसास मात्र मूळ आणि टोक आहे. म्हणून केसांत अर्धे दोष नसतात, पूर्णच असतात. केसांचा भोवरा म्हणजे अधिक एक. आणि दोन बाजूंनी केस समोरासमोर येऊन जेथे दुसऱ्या दोन बाजूंस फुटतात, तो उणा एक. याला आपण केसांची खिंड म्हणू, आणि हे नाव आम्ही उगाच निवडलेले नाही.

भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि माढा, करमाळा, इंदापूर, दौंड या तालुक्यांतील जमिनीवर पाणी पसरले. आज त्यास यशवंतसागर म्हणतात. पाणी भरले की उंचवटे बुडतात आणि उन्हाळ्यात ओसरले की पुन्हा वर येतात. पळसदेवचे जुने देऊळही पाणी फार खाली गेले म्हणजे उघडे पडते. अशा एका बुडालेल्या मोठ्या टेकाडाची कल्पना करा. त्यास अनेक शिखरे आहेत. पाणी उतरू लागले की काय होईल?

प्रत्येक शिखर पाण्याबाहेर येताच एक नवे बेट वाढेल. प्रत्येक खिंड उघडी पडताच दोन बेटे जोडली जाऊन एक बेट कमी होईल, किंवा ती खिंड दोन्हीकडून वेढा पुरा करून आत एक डबके अडकवील. आणि प्रत्येक खळगा कोरडा पडताच एक डबके कमी होईल. आता बेटांच्या संख्येतून डबकी वजा करीत चला. शिखर त्यात एक मिळविते, खिंड एक घटविते, खळगा एक मिळवितो. शेवटी सारे टेकाड उघडे पडून एकच बेट उरते, डबके एकही उरत नाही. म्हणून शिखरे आणि खळगे यांच्या बेरजेतून खिंडी वजा केल्या तर उत्तर नेहमी एक आलेच पाहिजे. १८७० साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने डोंगर-दऱ्यांविषयी लिहिलेल्या निबंधात हाच विचार मांडला आहे. यावरून हे निश्चित झाले की, एकशिखरी टेकाडास खिंड नसली तरी चालेल. पण दोन शिखरे असतील तर त्यांच्यामध्ये खिंड ही असावयाचीच.

टेकाडावरून पावसाचे पाणी जसे उतरते तसे डोक्यावरून केस उतरतात. कपाळाकडे पुढे, कानांकडे बाजूस, मानेकडे मागे. काठावर सर्वत्र बाहेरच. तेव्हा डोक्याभोवती एक फेरी घातली की केसांच्या दिशेची एक फेरी पुरी होते. म्हणजे आत कोठे तरी एकूण बेरीज अधिक एक असणे भाग आहे. एक भोवरा असेल तर हिशेब पुरा झाला. दोन भोवरे असतील तर त्यांच्यामध्ये केसांची एक खिंड असेल : एक अधिक एक उणे एक, बरोबर एक. ज्या कोणाच्या डोक्यावर दोन भोवरे असतील त्याचे केस बारीक कापले असता ही खिंड शोधून पाहावी. आम्ही म्हणतो म्हणून मानू नये.

हाच नियम पूर्ण गोलास लावला तर बेरीज दोन येते. शेंडीचा नारळ घ्या आणि त्याचे तंतू सर्वत्र अंगाबरोबर चापून बसवावयाचा यत्न करा. कोठे ना कोठे तरी शेंडी किंवा भोवरा राहीलच. फ्रान्सच्या आंरी पॉइंकारे यांनी १८८५ साली हे गणिताने सिद्ध केले, आणि हॉलंडच्या ब्राउवर यांनी १९१२ साली त्याचा विस्तार केला. बैलाच्या पाठीवरील, कपाळावरील आणि छातीवरील भोवरे याच हिशेबाचे जमा-खर्च होत. केस पाय, मान, पोट अशा निरनिराळ्या दिशांस वळतात, आणि जेथे वळणे जुळत नाहीत तेथे भोवरा किंवा खिंड पडते. त्या जनावराच्या चालीशी, कष्टाळूपणाशी किंवा धन्याच्या दैवाशी त्याचा संबंध काय?

आता आपले हात पाहा. लहानपणी आपण सर्वांनीच बोटांवरील शंख आणि चक्रे मोजली असतील. दहाही चक्रे असणारा चक्रवर्ती होतो असे म्हणतात. बोटावरील रेषांस डोके नसते. म्हणून येथे पुन्हा अर्धे दोष दिसतात. पुढील प्रयोग प्रत्येकाने घरी करावा. शिक्क्याच्या शाईच्या गादीवर बोट टेकून त्याचा ठसा कागदावर घ्यावा आणि भिंगातून पाहावा. शंख असेल तर रेषा जेथे वळसा घेतात ते टोक म्हणजे अधिक अर्धा. आणि बाजूस एक तिकटी सापडेल, ती उणा अर्धा. चक्र असेल तर तो अधिक एक. आणि त्याच्या दोहों बाजूंस दोन तिकट्या सापडतील. साधी कमान असेल तर वळसाही नाही आणि तिकटीही नाही. प्रत्येक बोटाची बेरीज शून्यच. चक्रवर्ती होणाऱ्याच्या बोटांवरही आणि मोळी वाहणाऱ्याच्या बोटांवरही!

लायोनेल पेनरोझ या ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञांनी १९६५ साली संपूर्ण तळहाताचा नियम दिला : बोटे आणि वळसे यांच्या बेरजेतून एक वजा केला की तिकट्यांची संख्या मिळते, मात्र चक्र हे दोन वळसे धरावे. त्यांचे चिरंजीव रॉजर पेनरोझ यांनी १९७९ साली याच विषयाचे गणित अधिक खोल नेले. त्यांस पुढे २०२० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते कृष्णविवरांवरील कार्याबद्दल. या रेषा आईच्या उदरातच, दहाव्या आठवड्याच्या सुमारास उमटू लागतात. त्या प्रत्येकाच्या निराळ्या असतात, म्हणून ओळख पटविण्यास उपयोगी पडतात. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली तेव्हा ठशांचे वर्गीकरण बसविण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. भविष्य सांगण्यास मात्र त्या निरुपयोगी होत.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करून या दोषांचा उपयोग काय? एक उपयोग ते टाळण्यात आहे. घड्याळाच्या काचेत असे दोष राहिले तर आकडे डागाळतील. म्हणून काचेच्या आतील थर मऊ कापडाने एकाच दिशेने घासतात, म्हणजे रेणूंस दिशा मिळते. दुसरा उपयोग समजून घेण्यात आहे. विश्व निवत असताना त्यातही असेच दोष पडले असावेत, असा विचार टॉम किबल यांनी १९७६ साली मांडला. आकाशात जाऊन ते पाहणे शक्य नाही. म्हणून १९९१ साली अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी द्रव-स्फटिकातच दोष कसे निर्माण होतात आणि कसे मिटतात याचे निरीक्षण केले. केवढे विश्व आणि केवढा तो थेंब!

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. डबक्यात राहणारा हायड्रा तुम्ही पुस्तकात वाचला आहे. त्याचा तुकडा कापला तर त्यापासून पुन्हा पुरा हायड्रा होतो. त्याच्या अंगातील स्नायूंचे तंतू एका दिशेने असतात. तुकडा मिटून लहानसा चेंडू झाला की वर सांगितल्याप्रमाणे बेरीज दोन येणे भाग, म्हणून दोष अटळ. हैफा येथील टेक्निऑन या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केले की, जेथे अधिक एक दोष तयार होतो तेथेच पुढे त्या प्राण्याचे तोंड येते. ज्यास आपण रांगेतील उणीव म्हटले, ती जागाच त्याच्या जिवाचे दार ठरली.

म्हणून आम्ही त्या मुलीस असे सांगितले : "बाळ, तुझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, तसेच त्यांच्यामध्ये एक खिंडही आहे, दोहोंची बेरीज तुझ्या मैत्रिणींच्या एका भोवऱ्याइतकीच येते. कमी नाही, जास्त नाही. आजीस वाद घालून दुखवू नकोस. तिला सुट्टीत पाणी ओसरल्यावर काठावर ने आणि दोन उंचवट्यांमधील खिंड दाखव." सुट्टीनंतर ती परत आली तेव्हा तिने सांगितले की आजी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली आणि एवढेच म्हणाली, "आपली जमीन त्या खिंडीपलीकडे होती." लग्नांचा विषय मात्र तिने पुन्हा काढला नाही.

पालकांस आमची हात जोडून विनंती आहे. शास्त्रज्ञांनी 'दोष' हा शब्द वापरला, पण त्यात निंदा नाही. जेथे सर्वांस एका रांगेत उभे राहता येत नाही अशी जागा, एवढाच त्याचा अर्थ. निर्मात्याने ज्या नियमाने नारळास शेंडी, टेकाडास खिंड आणि बोटास चक्र दिले, त्याच नियमाने लेकरास भोवरा दिला. मुलीची परीक्षा तिच्या विद्येने आणि वागणुकीने करावी, बैलाची त्याच्या चालीने आणि खुराने करावी. आणि भोवरा दिसला तर तो दैवाकडे न नेता मुलांकडून मोजून घ्यावा. बेरीज चुकली तर आम्हांस अवश्य कळवावे.